भाड्याच्या सिनेमातला काठ

सिनेमा परत कुठे करायचा, असं मी सुशांतला विचारलं तेव्हा तो इतका हसला की स्वयंपाकघरातून जागृती, माझी सून, बाहेर आली.

"काय झालं?"

"पप्पा विचारतायत, सिनेमा परत कुठे करायचा."

सुनेसमोर त्याने ते पुन्हा सांगायला नको होतं. मी चष्मा पुसत बसलो. जागृती मात्र हसली नाही. "परत नाही करायचा पप्पा," ती म्हणाली. "दोन दिवस झाले की तो आपोआप बंद होतो."

"आणि आपण किती बघितला, कुठे थांबलो, हे त्यांना कळतं?"

"त्यांना सगळं कळतं," सुशांत म्हणाला. त्याला याची गंमत वाटत होती.

बुद्ध पौर्णिमेला दोघं वडोदऱ्याहून आले होते आणि येताना टीव्हीला लावायची एक डबी घेऊन आले होते. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. सुशांतने ती टीव्हीच्या मागे खोचली आणि एक बारीक रिमोट माझ्या हातात ठेवला. काही सिनेमे तसेच दिसायचे, काही भाड्याने. भाड्याच्या सिनेमाखाली पिवळी पट्टी यायची. ती दाबली की सुशांतच्या कार्डातून पैसे जायचे, त्याच्या मोबाईलवर मेसेज यायचा आणि सिनेमा उघडायचा. एकदा सुरू केला की दोन दिवसांत बघून संपवायचा. पट्टी दाबण्याआधी गुप्त नंबर विचारण्याची सोय होती, ती सुशांतने काढून टाकली. "नंबर ठेवला तर तुम्हीच विसराल," तो म्हणाला. तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या विहारातलं वाचनालय सांभाळतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ते उघडायचं, पुस्तकं द्यायची, आलेली तपासून घ्यायची. नेलेली वस्तू कुणाच्या तरी हातात परत द्यावी लागते, पान दुमडलंय का ते कुणीतरी बघतं, अशी माझी समजूत आहे. आपोआप जाणारी वस्तू मला बरी वाटली नाही. जी आपोआप जाते ती आपोआप येतही असेल. पण हे मी बोललो नाही. बोलायच्या बऱ्याच गोष्टी माझ्या मनातच राहतात.

त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी मिळून एक सिनेमा भाड्याने घेऊन बघितला. मोठं कुटुंब, जुना वाडीतला बंगला, भावाभावांची भांडणं, शेवटी लग्न. वत्सला, माझी बायको, जमिनीवर पाय पसरून बसली होती.

"आपल्या मोहल्ल्यात वर्गणी काढून वीसीआर आणायचे," ती सुनेला सांगत होती. "सकाळी परत न्यायचा म्हणून लोकं पापणी न लवता एकामागं एक तीन पिक्चर पाहायचे. अन् मधी थांबवाचं नाही हं. थांबवला की तो वीसीआरवाला वरडायचा, रीळ घासते म्हणून."

"याला काही होत नाही आई. हा कितीही वेळ थांबवा." जागृतीने बटण दाबून दाखवलं. पडद्यावर झोपाळ्यावर बसलेली बाई जागच्या जागी थिजली. जागृतीने पुन्हा दाबलं, बाई झोके घेऊ लागली. वत्सला पुढे सरकून बघत राहिली. मला वाटलं, तिला त्या बटणाची नवलाई वाटतेय.

ते दोघं गेल्यावर रिमोट माझ्याकडेच असायचा. वत्सला त्याला हात लावत नसे. म्हणजे मी तसं धरून चाललो होतो.

मे संपता संपता सुशांतचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "पप्पा, तो पिक्चर परत बघितला वाटतं?"

"कोणता?"

"आपण बघितला तोच. भाड्याचा मेसेज आला ने मला."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. वत्सला भाकरी थापत होती. घरात आम्ही दोघंच. पण आमचं दार दिवसभर उघडं असतं आणि शेजारच्या लोटूच्या घरातली माणसं आपलंच घर असल्यासारखी ये-जा करतात. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'मग कोण' असा आला असता आणि त्याचं उत्तर कुणावर तरी जाऊन बसलं असतं.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"मस्त. आवडला तर बघा, पैशांचं टेन्शन नको."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ आठवून बघितलं. मी पट्टी दाबली होती का? बातम्या शोधताना बोट पडलं असेल? ठामपणे 'नाही' म्हणता येईना. आणि ठामपणे 'नाही' म्हणता येत नाही, याचीच मला भीती वाटली.

त्या भीतीला कारण होतं. माझे थोरले दादा बारडोलीच्या साखर कारखान्यात होते. निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी बाजारात जाऊन अर्धा किलो साखर आणू लागले. वहिनींना आधी वाटलं, विसरले असतील. मग एक दिवस कपाट उघडलं तर आत साखरेच्या पुड्यांना मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "आज पहिल्यांदाच आणली." आणि ते खरं बोलत होते. शेवटी शेवटी ते मला कारखान्यातला कुणी साहेब समजून उठून उभे राहायचे.

जूनमध्ये सुशांतचा दुसऱ्यांदा फोन आला. तोच सिनेमा. मी पुन्हा "मीच" म्हणालो, कारण एकदा म्हणालो होतो. तिसऱ्यांदा मात्र त्याने 'मस्त' म्हटलं नाही. जरा थांबून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "पप्पा, आज वार कोणता आहे?"

मी बरोबर सांगितला. पण सांगण्याआधी क्षणभर थांबलो होतो, कारण तो का विचारतोय याचा विचार करत होतो. ते थांबणं त्याने ऐकलं असणार.

आता घरात काहीतरी चाललंय असं मलाही वाटू लागलं. एका शुक्रवारी वाचनालयातून येऊन बातम्यांसाठी टीव्ही लावला तर पडद्यावर तीच झोपाळ्यावरची बाई. थांबलेली. तीही पूर्ण नाही, फक्त खांदा, दंड आणि त्यावरून खाली आलेला पदर, सबंध पडदाभर. मी घाईघाईने बटणं दाबू लागलो. एवढ्यात मागून वत्सला आली. तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तशीच आत निघून गेली.

या वयात मी बायको घरात असताना परक्या बाईचा दंड थांबवून बघत बसतो, असंच तिला वाटलं असणार. आणि कुणास ठाऊक, तसं नसेलच कशावरून? ज्याला पट्टी दाबल्याचं आठवत नाही, त्याला पुढचं तरी काय आठवणार?

नंतर टीव्ही पुसताना काचेच्या चारही कोपऱ्यांत बोटाला काहीतरी चिकट लागलं. मध्ये कुठे कुठे शिशासारख्या करड्या रेघा होत्या. मी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. कशाचे डाग आहेत ते समजेना. माझेच तर नसतील, म्हणून कुणाला विचारलंही नाही.

मग मी एक युक्ती केली. पुस्तकांतून शिकलेली, प्रत्यक्षात कधी करावी लागेल असं वाटलं नव्हतं. रात्री निजताना रिमोटखाली कागदाची एक बारीक पट्टी ठेवली, कडेला कड लावून. दोन दिवस ती जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी, वाचनालयातून आलो तेव्हा, पट्टी जमिनीवर पडली होती. वर पंखा चालू होता. पंख्याने उडाली की कुणी रिमोट उचलला? की आज सकाळी बातम्या बघून झाल्यावर मीच पट्टी परत ठेवायची विसरलो होतो आणि कालची आठवण आजची समजत होतो? युक्तीने मला उत्तर द्यायच्या ऐवजी आणखी एक प्रश्न दिला.

शेवटी मी लोटूशी बोललो. लोटू माझ्याहून थोडा लहान, नंदुरबारकडचा. त्याचं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेलं, आणि लूमच्या खडखडाटात त्याचे कानही गेले. त्यामुळे त्याला गुपित सांगणं म्हणजे ते गल्लीला सांगणं, पण माझ्याकडे दुसरा माणूस नव्हता. त्याच्या ओट्यावर बसून मी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"लोटू, त्या डबीतून सिनेमे आपोआप उघडतात असं कधी ऐकलंस?"

"दादा, मी पहिलेच सांगं व्हतं!" तो ओरडला. "हाई डबडं आपलं सगळं आयकस! मी घरमा फक्त सांगं, कुकर लेवाना शे, तं मोबाईलमा कुकरच कुकर! रातभर कुकर!"

"हळू बोल. माझं तसं नाही. एकच सिनेमा पुन्हा पुन्हा उघडतो. आणि एका बाईवर थांबतो."

"कोणती बाई?"

"अरे हळू."

"बाई कोणती शे, ते तं सांगा!" लोटू एवढ्या मोठ्याने म्हणाला की समोरच्या दुकानात पान लावणारा वर बघू लागला. आत लोटूची सून चंचल साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती, तिचा हात थांबला. मी उठलो आणि घरी आलो.

तासाभरात वत्सलाने विचारलं, "काहून हो, लोटूभाऊले कोन्या बाईचं सांगत होते?"

"कुठली बाई? काही नाही."

"गल्लीत इचारून राह्यले लोकं मले."

"सिनेमातली," मी म्हणालो.

तिने पुढे विचारायला हवं होतं. वत्सला कधी अर्ध्यावर सोडत नाही. पण ती नुसतं "हं" म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली. तांदूळ आधीच निवडलेले होते. हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही, पण याचा अर्थ मी चुकीचा लावला. मला वाटलं, तिलाही दादांची साखर आठवली असेल आणि ती मला सांभाळून घेतेय.

पुढच्या बुधवारी सुशांतने फोनवर सगळं बोलून टाकलं. एरवी तो हिंदी-गुजराती मिसळून बोलतो; त्या दिवशी अगदी शुद्ध बोलला, आणि त्यावरूनच त्याने वाक्यं आधी जुळवून ठेवलीत हे मला कळलं.

"पप्पा, रागावू नका. एकच पिक्चर इतक्या वेळा कुणी घेत नाही. आणि विचारलं की तुम्ही 'मीच' म्हणता, पण आवाजावरून कळतं की तुम्हाला आठवत नाहीये. मी रविवारी येतोय. इथल्या एका डॉक्टरांशी बोललोय. तपासणी करून घेऊ. काही निघालं तर तिथलं घर बंद करून तुम्ही दोघं इकडे या. आईला एकटीला हे सगळं झेपणार नाही."

"वाचनालय?" मी म्हणालो. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

"वाचनालय कुणीतरी बघेल."

वत्सलाला मी यातलं काही सांगितलं नाही. सुशांत येतोय एवढंच सांगितलं. ती खूश झाली आणि मग लगेच म्हणाली, "रविवारीच? त्याच्या आधी शुक्रवार येते ना?" शुक्रवार दर आठवड्याला येतो. हे काय विचारणं झालं, असं मनात आलं. पण मी आता कुणाच्या विचारण्यावर शंका घेण्याच्या लायकीचा राहिलो नव्हतो.

शुक्रवारी नेहमीच्या वेळी पिशवी घेऊन निघालो. आपलं इथे जायचं कदाचित संपत आलंय, हे डोक्यात होतं. विहाराच्या पायऱ्यांवर दोघंतिघं पुस्तकं हातात धरून उभे होते. दाराशी पोचून खिशात हात घातला. किल्ली नव्हती. दुसऱ्या खिशात नव्हती. पिशवी उलटसुलट केली. इतक्या वर्षांत किल्ली मी एकदाही विसरलो नव्हतो. उभ्या लोकांना "आलोच" म्हणालो आणि परत फिरलो. रस्ता ओलांडताना एका टेम्पोवाल्याने हॉर्न मारून गुजरातीत काहीतरी ऐकवलं. त्याचं बरोबर होतं. मला पाऊल कुठे पडतंय ते दिसत नव्हतं. साखर आणायला निघालेले दादा असेच चालत असतील, असं वाटत होतं.

घराचं दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

टीव्ही चालू होता. पडद्यावर तोच दंड, तोच पदर. आणि त्या पडद्यावर चारही कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावून पारदर्शक कागद ताणून बसवला होता. वत्सला स्टुलावर बसून, नाक जवळजवळ काचेला लावून, त्या पदराचा काठ पेन्सिलीने गिरवत होती. तिच्या पायाशी चंचल बसली होती आणि आधीच्या एका कागदावरच्या रेघांवर टाचणीने दाट भोकं पाडत होती.

आधी चंचलने मला बघितलं. "मावशी," ती म्हणाली. "काका."

वत्सलाची पेन्सिल थांबली. वळून न बघताच ती म्हणाली, "आज लवकर आले?"

मी दारातच खाली बसलो.

"चंचल, पाणी आण. अहो, काय झालं? बोला ना. रागावले का?" वत्सला स्टुलावरून उतरून माझ्याजवळ आली. तिच्या बोटांना शिसं लागलं होतं. तेच शिसं मी टीव्हीवरून पुसलं होतं. "मी सांगणारच होती तुमाले. रविवारच्या आधी हे काम देऊन टाकाचं होतं."

मग दोघींनी मिळून, एकमेकींची वाक्यं तोडत, मला सांगितलं. पर्वत पाटियाच्या साडीबाजारातल्या एका व्यापाऱ्याला त्या सिनेमातल्या साडीसारखी साडी हवी होती, हाताच्या कामाची, नमुन्यासाठी. हे आमच्याकडे नवीन नाही. सिनेमात एखादी साडी दिसली की इथल्या बाजारात तिची मागणी निघते. चंचल खाटलीवर भरतकाम करते. लाकडी चौकटीवर कापड ताणून करतात ते. पण काठाचा खाका, म्हणजे भोकं पाडलेला नमुन्याचा कागद, काढणं तिला जमत नाही. तो वत्सलाला जमतो. लग्न झाल्यापासून निम्मं आयुष्य तिने खाटलीवर काढलंय. हिवाळ्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुशांतने तिच्याकडून वचन घेतलं होतं, पुन्हा सुई हातात धरायची नाही.

"सुई कुठी धरली?" वत्सला म्हणाली. "पेन्सिल धरली. सुई चंचल धरते."

"पण वत्सला, एकच सिनेमा इतक्या वेळा का घेतलास?"

"घेतला कुठी? तुम्ही वाचनालयात गेले की मी थोडं थोडं काढते. डोळा दुखाले लागला की बाई तशीच थांबवून ठेवते, टीव्ही बंद करते, वरून कपडा टाकते. जागृतीनंच सांगितलं होतं, कितीही वेळ थांबवा म्हणून. पण ते मेलं काही थांबत नाही. पुढच्या खेपेले पाहावं तं बाई गायब. मग पिवळी पट्टी दाबली की येते परत."

"पिवळी पट्टी दाबली की पैसे जातात, वत्सला. दर वेळी नवीन भाडं. सुशांतला मेसेज जातो."

तिचा हात तोंडावर गेला. तिने चंचलकडे बघितलं. चंचल म्हणाली, "मी सांगं नही का मावशी, पिवळं म्हणजे कायतरी शे!"

"तू कधी सांगितलं? तूच म्हणाली, दाबा मावशी, दाबा!"

तीन दिवस, चार दिवस मध्ये गेल्यावर ते आपोआप बंदच होणार होतं. माझ्या मंगळवार-शुक्रवारने तिचे वार ठरवले होते आणि तिच्या वारांनी सुशांतचे मेसेज. आणि मी इथे माझ्याच डोक्यात साखरेच्या पुड्या मोजत बसलो होतो. मला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि वत्सला घाबरली.

मग मी तिला सगळं सांगितलं. सुशांतचे फोन, 'मीच' म्हणणं, वार विचारणं, डॉक्टर, वडोदरा. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा कठीण होत गेला.

"अन् तुम्ही मले सांगितलं नाही."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"मले वाटलं तुमाले समजलं आहे. टीव्ही पुसून ठेवत होते. रिमोटखाली कागद ठेवत होते. म्हटलं, याईले माहीत आहे, पण माझी चोरी झाकून राह्यले." तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "लावा फोन."

"तो तुझं काम बंद करेल."

"तुमाले येडं ठरवून मी काठ काढत बसू का? लावा म्हटलं."

मी लावला. तिने माझ्या हातातून घेतला आणि लोटूशी बोलावं तशा आवाजात बोलू लागली. सुशांतला मध्ये एक शब्द टाकायला मिळाला नाही. तिने खाका सांगितला, खाटली सांगितली, पिवळी पट्टी सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "तुह्या बापाचं डोकं शाबूत आहे. माह्या डोळ्याचं मी पाहून घेईन. डॉक्टर राहू दे अन् जागृतीले घेऊन ये."

मग सुशांतचं हसू ऐकू आलं. सुटल्यासारखं. "आई, अरे, टीव्हीचा फोटो काढायचा ने मोबाईलने! एका मिनिटाचं काम."

चंचलने फोनकडे तोंड करून सांगितलं, "फोटोमा लाईनी येतस, भाऊ! नी माप चुकस. काठ मापनाच लागस!"

"बरं बरं. मग माझ्या कार्डावर साडीचा धंदा चालवताय तुम्ही सगळे." तो पुन्हा हसला. "एक मिनिट हां, मेसेज बघतो. हा मंगळवार... शुक्रवार... हा पण शुक्रवार. बरोबर आहे. आणि आम्ही गेल्यानंतरचा हा पहिला? तो बुधवारचा आहे. मे महिन्यातला."

बुधवारी मी वाचनालयात नसतो, घरीच असतो. आणि मेमध्ये चंचल माहेरी गेली होती, नंदुरबारकडे. साडीची मागणीच ती आल्यावर निघाली.

"तो बी मीच," वत्सला म्हणाली.

पटकन म्हणाली. मी फोनवर ज्या घाईने म्हणायचो, अगदी त्याच घाईने. ते दोन शब्द त्या घाईने बोलताना आत काय असतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती टीव्हीवरचा कागद काढत होती, एकेक कोपरा जपून सोडवत. चंचल मान खाली घालून टाचणी टोचत होती.

"अच्छा," सुशांत म्हणाला. "चला, रविवारी भेटू. पप्पा, सॉरी हां."

फोन ठेवल्यावर मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही. तिने खरंच उघडला असेल. त्या बटणाची तिला नवलाई होतीच. किंवा माझं बोट पडलं असेल. किंवा लोटू म्हणतो तसं ते डबडंच काहीतरी करत असेल. यातलं कुठलंही खरं असू शकतं, आणि त्या दुपारपुरतं मला ते तसंच राहू द्यायचं होतं.

"तुम्ही आले कशाले होते मधीच?" वत्सलाने विचारलं.

"किल्ली राहिली होती. वाचनालयाची."

तिघांनी शोधली. खुंटीवर नव्हती, टेबलावर नव्हती, उशीखाली नव्हती. शेवटी वत्सलाने माझ्या पिशवीतलं पुस्तक काढून हलवलं आणि किल्ली खाली पडली. सकाळी वाचता वाचता कुणीतरी हाक मारली होती. हाताला दुसरं काही लागलं नाही म्हणून मी खूण म्हणून तीच पानात ठेवली होती. ते मला आता आठवलं. ठेवताना किल्ली गार लागली होती, तेही आठवलं. म्हणजे किल्ली सबंध वेळ माझ्या काखेत होती.

"खूण गेली तुमची," वत्सला म्हणाली. तिने खाक्याच्या कागदाची एक पट्टी फाडली. तिच्यावर काठातल्या वेलीचं एक वळण होतं, टाचणीच्या भोकांचं. "कोन्या पानावर होते?"

मी पान सांगितलं.

तिने पुस्तक उघडलं. किल्लीने कागदावर दाब पडून बारीक ठसा उमटला होता. तो तिने बोटाने चाचपला, वरचा आकडा बघितला, पट्टी तिथे ठेवली आणि पुस्तक मिटून माझ्या पिशवीत घातलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "जा आता. लोकं उभी असतील."

पान बरोबर होतं. पण तिने ते तपासून बघितलं, हे मी बघितलं. आणि मी बघितलं, हे तिच्याही लक्षात आलं असावं. किल्ली मुठीत घट्ट धरून मी विहाराच्या रस्त्याला लागलो. पायऱ्यांवर लोक अजून थांबले होते.